वंश ही जैविक वस्तुस्थिती नसेल, तर अमेरिकन सरकारने तो मोजावा का?

पूर्वपक्ष

अमेरिकेतील वंशविषयक वाद मी बरीच वर्षे वाचत आलो आहे आणि त्यातला एक पेच काही केल्या सुटत नाही. माणसांचे काटेकोर जैविक वंश पाडता येत नाहीत, याबद्दल जनुकशास्त्रज्ञांमध्ये आता फारसा मतभेद उरलेला नाही. मानवी जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता कोणत्याही एका लोकसमूहाच्या आतच सापडते, हे रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७२ मध्येच दाखवून दिले होते. तरीही त्या देशाचे सरकार दर दहा वर्षांनी प्रत्येक रहिवाशाला त्याचा वंश विचारते, आणि शाळा, रुग्णालये व मोठ्या कंपन्याही तीच माहिती गोळा करत असतात. जी गोष्ट मुळात नाही ती दर दहा वर्षांनी मोजत राहणे म्हणजे तिला दर दहा वर्षांनी नवे आयुष्य देणे नव्हे काय?

सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी २००७ मध्ये शाळाप्रवेशाच्या एका खटल्यात लिहिले होते की, वंशावरून होणारा भेदभाव थांबवण्याचा मार्ग म्हणजे वंशावरून भेदभाव करणे थांबवणे. सात वर्षांनी न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी आपल्या भिन्नमतपत्रात जवळजवळ त्याच शब्दरचनेत उत्तर दिले की, तो मार्ग म्हणजे वंशाविषयी मोकळेपणाने आणि प्रांजळपणे बोलणे. पुढे २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यात बहुमत रॉबर्ट्स यांच्या बाजूने गेले आणि प्रवेश देताना अर्जदाराचा वंश विचारात घेण्याची पद्धत घटनाबाह्य ठरली. मला अडचण अशी आहे की दोन्ही वाक्ये वाचताना दोन्ही पटतात. त्यांच्या मध्ये एखादी तर्कशुद्ध भूमिका घेता येते, की शेवटी पक्ष निवडावाच लागतो?

एक विनंती आहे. भारतातील जातगणनेचा विषय कितीही जवळचा वाटला, तरी तो या धाग्यात आणू नये. दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळले की एकही नीट सुटत नाही.

जुना वाचक

आपल्या प्रश्नामागे एक गृहीतक आहे, ते आधी तपासायला हवे. 'जैविक नाही' आणि 'अस्तित्वात नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रांच्या सीमाही जैविक नसतात, पण सीमेच्या कोणत्या बाजूला जन्म झाला यावर माणसाचे सारे आयुष्य ठरते.

अमेरिकेत ही मोजणी सुरू झाली तीच सत्तेच्या हिशेबासाठी. १७९० च्या पहिल्या जनगणनेत मुक्त गोरे, इतर मुक्त व्यक्ती आणि गुलाम असे रकाने होते, कारण प्रतिनिधिगृहातील जागा ठरवताना गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरावी असे राज्यघटनेतच लिहिले होते. त्यानंतर रकाने राजकारणाच्या वाऱ्याबरोबर बदलत गेले. १८९० मध्ये कृष्णवर्णीय वंशाचा अंश एक-चतुर्थांश की एक-अष्टमांश हेसुद्धा प्रगणकाने नोंदवायचे होते. १९३० मध्ये 'मेक्सिकन' हा स्वतंत्र वंश अवतरला आणि मेक्सिकोच्या सरकारने व अमेरिकेतील मेक्सिकन समाजाने आक्षेप घेतल्यावर पुढच्याच जनगणनेत नाहीसा झाला.

भारतीयांची कथा तर याहून बोलकी आहे. १९२०, १९३० आणि १९४० या तिन्ही जनगणनांमध्ये भारतातून आलेल्या माणसाचा वंश 'हिंदू' असा लिहिला जाई, मग तो शीख असो वा मुसलमान. १९७० मध्ये तेच लोक 'गोरे' या रकान्यात गेले आणि १९८० मध्ये 'एशियन इंडियन' हा रकाना निर्माण झाला, तोही भारतीय संघटनांनी स्वतः पाठपुरावा केल्यामुळे. म्हणजे साठ वर्षांत माणसे तीच राहिली आणि वंश मात्र तीन झाले.

परंतु या सगळ्याला नुसता पोरखेळ म्हणता येत नाही, आणि त्याचे कारण भगतसिंग थिंड या भारतातून आलेल्या गृहस्थांच्या खटल्यात दिसते. त्या काळी बाहेरून आलेल्यांपैकी नागरिकत्व 'मुक्त गोऱ्या व्यक्तीं'ना आणि १८७० नंतर आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळू शकत असे. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला, कारण 'गोरा' म्हणजे कॉकेशियन वंशाचा आणि जपानी माणूस तसा नाही. तीन महिन्यांनी थिंड यांनी तोच धागा पकडून सांगितले की तत्कालीन शास्त्रानुसार आपण कॉकेशियन आहोत. तेव्हा त्याच न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी शास्त्र बाजूला ठेवले आणि सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असा निकाल दिला. या निकालानंतर अनेक भारतीयांचे आधी मिळालेले नागरिकत्व काढून घेण्यात आले. वैष्णो दास बगई हे त्यांपैकी एक. नागरिकत्व गेल्याने कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार मालमत्ता बाळगणेही अशक्य झाले आणि १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. जैविक आधार शून्य, परिणाम मात्र मृत्यूपर्यंत. सरकारने जी भिंत दीडशे वर्षे बांधली, ती मोजायचीच नाही असे ठरवल्याने ती पडत नाही.

शंकासुर

वरील प्रतिसाद वाचून मी नेमक्या उलट निष्कर्षाला पोहोचलो. ज्या सरकारने रकाने आखून बगई यांचा बळी घेतला, त्याच सरकारच्या हाती रकाने सुरक्षित आहेत हे कशावरून मानायचे?

१९४२ मध्ये काय झाले ते आठवावे. पश्चिम किनाऱ्यावर जपानी वंशाचे लोक कोणत्या वस्तीत किती आहेत, याचे तक्ते जनगणना विभागानेच लष्कराला पुरवले. त्यानंतर सुमारे १ लाख २० हजार माणसांना छावण्यांत डांबले गेले, आणि त्यांतले बहुसंख्य जन्माने अमेरिकेचे नागरिक होते. १९८८ मध्ये सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले. १९४० च्या जनगणनेत ज्यांनी आपला वंश निमूटपणे सांगितला, त्यांना ही माहिती दोन वर्षांत कोणाच्या हाती जाणार आहे याची कल्पना नव्हती. आजची गोपनीयतेची कलमे १९४२ पेक्षा कडक आहेत हे मान्य. पण त्या वेळीही कलमे होती आणि युद्धकाळात एका कायद्याने ती शिथिल केली गेली.

फ्रान्सने याच अनुभवातून वेगळी वाट धरली. दुसऱ्या महायुद्धातील जर्मनधार्जिण्या व्हिशी राजवटीत ज्यूंच्या याद्या बनवल्या गेल्या होत्या, ही आठवण तिथे पुसली गेलेली नाही. १९७८ च्या कायद्याने वंशविषयक माहिती गोळा करण्यावर कडक निर्बंध घातले आणि २००७ मध्ये घटना परिषदेने स्पष्ट केले की वांशिक मूळ हा सांख्यिकीचा पाया होऊ शकत नाही.

शिवाय मोजणी तरी कशाची होते? २०१० मध्ये अमेरिकेत एकाहून अधिक वंश सांगणारे ९० लाख लोक होते, २०२० मध्ये ते ३ कोटी ३८ लाख झाले. दहा वर्षांत एवढे मिश्रविवाह झाले नाहीत. प्रश्नाची मांडणी आणि उत्तरांचे वर्गीकरण बदलले म्हणून आकडा फुगला, असे तज्ज्ञांचेच म्हणणे आहे. प्रश्न बदलताच उत्तर चौपटीच्या जवळ जात असेल, तर त्या आकड्यावर धोरण उभारणे धाडसाचे आहे. ब्राझीलने २०१२ च्या कायद्याने विद्यापीठांत वंशाधारित राखीव जागा आणल्या, आणि पुढे अर्जदार खरोखर कृष्णवर्णीय दिसतो की नाही हे पाहणाऱ्या समित्या नेमण्याची वेळ आली. माणसाचा चेहरा पाहून त्याचा वंश ठरवणारी समिती एकविसाव्या शतकात असावी, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

नाडीपरीक्षा

मी वैद्यकीय क्षेत्रातली आहे. कायद्यातले बारकावे इतरांनी सांगावेत. पण आमच्या क्षेत्रात गेल्या काही वर्षांत अशा दोन घटना घडल्या, की त्या शेजारी शेजारी ठेवल्या तर मूळ प्रश्नाची गाठ बरीच सैल होते.

पहिली पल्स ऑक्सिमीटरची. बोटाला लावलेले हे यंत्र लाल आणि अवरक्त प्रकाश त्वचेतून आरपार पाठवून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण सांगते. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांनी या यंत्राचे आकडे आणि धमनीतील रक्ताच्या थेट तपासणीचे आकडे ताडून पाहिले. यंत्र ९२ ते ९६ टक्के, म्हणजे दिलासा देणारा आकडा दाखवत असताना प्रत्यक्षात प्राणवायू ८८ टक्क्यांच्या खाली होता, अशी स्थिती गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के नोंदींत आढळली, तर कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के नोंदींत. कोविडची साथ जोरात होती आणि कोणाला दाखल करायचे, कोणाला घरी पाठवायचे हे जगभर याच आकड्यावर ठरत होते. यंत्राला कोणाचा द्वेष नसतो, आणि ते वापरणाऱ्या परिचारिकेच्या मनातही काही वाईट नव्हते. तरीही चूक तिपटीहून अधिक वेळा एकाच बाजूला पडत होती. रुग्णांच्या नोंदीत वंशाचा रकाना नसता, तर ही चूक सरासरीत विरघळून गेली असती.

दुसरी घटना मूत्रपिंडाची. रक्तातील क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्यावरून मूत्रपिंडाची क्षमता काढण्याची जी सूत्रे अमेरिकेत वर्षानुवर्षे वापरात होती, त्यांत रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर येणारे उत्तर वाढवून घेतले जाई. २००९ च्या सूत्रात ही वाढ सुमारे १६ टक्के होती. परिणामी रक्ताचा तोच अहवाल असूनही कृष्णवर्णीय रुग्णाचे मूत्रपिंड कागदावर अधिक सक्षम दिसे. डायलिसिस सुरू होण्याआधी प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत काळ मोजला जाण्यासाठी क्षमता मिनिटाला २० मिलिलिटर किंवा त्याखाली असावी लागते. त्यामुळे असा रुग्ण त्या मर्यादेला उशिरा पोहोचे. २०२१ मध्ये संबंधित तज्ज्ञ संस्थांनी वंशाचा गुणक काढून टाकलेले सूत्र स्वीकारले.

पहिल्या घटनेत वंशाची नोंद केल्यामुळे अन्याय दिसला आणि दुसऱ्या घटनेत वंश हिशेबात धरल्यामुळेच अन्याय झाला. पहिल्यात वंश हा निर्णय झाल्यानंतर निर्णयाची तपासणी करण्यासाठी वापरला, आणि दुसऱ्यात समोरच्या एका माणसाविषयी निर्णय घेण्यासाठी. मला वाटते की रॉबर्ट्स यांचे वाक्य दुसऱ्या वापराला लागू पडते आणि सोटोमायोर यांचे पहिल्या वापराला. म्हणूनच पूर्वपक्ष यांना दोन्ही पटतात.

आता एक पुढची गोष्ट. जानेवारी २०२३ पासून अमेरिकेतील प्रत्यारोपण केंद्रांना असा नियम लागू झाला की जुन्या सूत्रामुळे ज्या कृष्णवर्णीय रुग्णांचा प्रतीक्षाकाळ कमी धरला गेला, त्यांचा काळ मागील तारखेपासून वाढवून द्यावा. हे रुग्ण शोधायचे कसे? अर्थात नोंदीतल्या वंशावरूनच. सूत्रातला वंश काढून टाकला त्याच दिवशी नोंदीतलाही पुसला असता, तर ही भरपाई करता आली नसती.

शंकासुर

उदाहरणे प्रभावी आहेत, पण ती रुग्णालयातील आहेत. रुग्णाने डॉक्टरला काही सांगणे आणि नागरिकाने सरकारला सांगणे यांत अंतर आहे. भेदभाव शोधायचा असेल, तर एकसारखे दोन नोकरीचे अर्ज निरनिराळ्या नावांनी पाठवून तो शोधता येतो. फ्रान्समध्ये तसे केले जाते, आणि त्यासाठी साऱ्या लोकसंख्येला रकान्यांत बसवावे लागत नाही.

तळटीप

निरनिराळ्या नावांच्या अर्जांचे प्रयोग उपयुक्त असतात, मात्र त्यांतून नोकरीच्या दारातला भेदभाव दिसतो. आत गेल्यावर बढती कोणाला मिळते किंवा रस्त्यावर पोलीस कोणाला अडवतात, हे त्यांतून कळत नाही. फ्रान्समध्येच मानवी हक्कांचे काम पाहणाऱ्या स्वायत्त अधिकारपदाने २०१७ मध्ये जाहीर केले की अरब किंवा कृष्णवर्णीय समजल्या जाणाऱ्या तरुण पुरुषांना पोलिसांनी ओळखपत्र तपासण्यासाठी अडवण्याची शक्यता इतरांच्या वीसपट आहे. हा निष्कर्ष निघाला कसा? पाच हजारांहून अधिक लोकांना, 'तुम्ही इतरांना कोण वाटता' असे विचारून. मुख्य दरवाजा बंद ठेवलेल्या देशालाही शेवटी खिडकीतून डोकावावेच लागले.

नाडीपरीक्षा यांनी केलेला भेद मला मान्य आहे आणि तो रुग्णालयापुरता नाही, याला सर्वांत चांगला पुरावा खुद्द हार्वर्डचा खटला आहे. वंश पाहू नका असे म्हणणाऱ्या वादींची मुख्य तक्रार अशी होती की आशियाई वंशाच्या अर्जदारांना व्यक्तिमत्त्वाच्या निकषावर सातत्याने कमी गुण दिले जातात. हे त्यांनी दाखवले ते हार्वर्डच्याच वंशनिहाय नोंदींवरून, संख्याशास्त्राच्या आधारे. नोंद नसती तर तक्रारीला पुरावाच नव्हता. निकालानंतरचे चित्रही नोंदींमुळेच दिसते: एमआयटीच्या २०२४ च्या पहिल्या वर्षाच्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, तर येलमध्ये ते १४ टक्क्यांवरच राहिले. हे चांगले की वाईट यावर भांडता येईल, परंतु भांडणासाठी तरी आकडा हवा.

सध्याच्या सरकारचीही गंमत पाहण्यासारखी आहे. एखादा नियम वरकरणी सर्वांना समान असूनही त्याचा फटका एका गटाला अधिक बसत असेल, तर तो बेकायदा ठरू शकतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये नोकरभरतीच्या एका खटल्यात मान्य केले होते. एप्रिल २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढून या तत्त्वाची अंमलबजावणी शक्य तितकी मागे घेण्यास सांगितले. म्हणजे निव्वळ आकड्यांतील तफावतीला भेदभाव समजू नये. ऑगस्टमध्ये त्याच अध्यक्षांनी विद्यापीठांकडून प्रवेशाची अधिक तपशीलवार, वंशनिहाय माहिती मागवली, कारण २०२३ च्या निकालाला कोणी बगल देत आहे का हे तपासायचे होते. तेव्हा मोजणीला विरोध कोणाचाच नाही. आपल्याला नको असलेली तपासणी दुसऱ्याने करू नये, एवढीच प्रत्येकाची इच्छा आहे. हीच टीका उदारमतवाद्यांवरही करता येते. हार्वर्डमध्ये आशियाई अर्जदारांना गुण कमी का मिळतात, हा प्रश्न इतर कोणत्याही गटाबद्दल निघाला असता तर त्यांनी तो इतक्या सहज उडवून लावला नसता.

पूर्वपक्ष

निर्णय घेण्यासाठी वंश वापरणे आणि निर्णय तपासण्यासाठी वापरणे, हा भेद मला उपयोगी वाटतो. मात्र त्यातून एक नवी शंका निघते. तपासणीत एखाद्या गटाचा आकडा कमी दिसला, म्हणून संस्थेने नियमच असा बदलला की कोणालाही वंश न विचारता आकडा वर येईल, तर हे तपासणीत बसते की निर्णयात? मला ती सीमारेषा इतकी स्वच्छ दिसत नाही.

जुना वाचक

ती स्वच्छ नाहीच, आणि तिथेच आज खरा वाद चालू आहे. १९९६ मध्ये एका निकालामुळे टेक्सासमधील विद्यापीठांना प्रवेशात वंश पाहता येईनासा झाला. तेव्हा १९९७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला की राज्यातील प्रत्येक शाळेच्या वरच्या दहा टक्के विद्यार्थ्यांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळेल. कायद्यात वंशाचा उल्लेख नाही. परंतु टेक्सासमधील शाळा वस्त्यांप्रमाणे विभागलेल्या होत्या आणि वस्त्या वंशाप्रमाणे, त्यामुळे या नियमाने काय होईल हे कायदा करणाऱ्यांना पुरते ठाऊक होते. या कायद्याचा लाभ ग्रामीण भागातील गोऱ्या विद्यार्थ्यांनाही झाला, म्हणून त्याला दोन्ही पक्षांतून पाठिंबा मिळत राहिला. मला हा मार्ग योग्य वाटतो, कारण त्यात कोणत्याही एका मुलाकडे पाहून 'तू कोणाचा' असे विचारले जात नाही.

शंकासुर मात्र यावर रास्त आक्षेप घेऊ शकतील. व्हर्जिनियातील थॉमस जेफरसन या नावाजलेल्या विज्ञान विद्यालयाने २०२० मध्ये प्रवेश परीक्षा रद्द केली आणि परिसरातील प्रत्येक माध्यमिक शाळेला काही जागा वाटून दिल्या. नव्या नियमांत वंशाचे नावही नव्हते. तरी प्रवेश मिळालेल्यांतील आशियाई विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे ७३ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर आले आणि पालक न्यायालयात गेले. नियम बदलण्यामागचा हेतूच वांशिक समतोल साधण्याचा होता, असे त्यांचे म्हणणे होते. अपील न्यायालयाने २०२३ मध्ये शाळेच्या बाजूने निकाल दिला. टेक्सासचा कायदा ज्याला मान्य आहे त्याने हा निकाल अमान्य करणे कठीण आहे. फरक इतकाच की इथे ज्यांच्या जागा कमी झाल्या ते स्वतःच अल्पसंख्य होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकण्यास नकार दिला. न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो आणि क्लॅरेन्स थॉमस यांना हा नकार मान्य नव्हता, आणि तसे त्यांनी लेखी नोंदवून ठेवले आहे.